रेतीचे डोंगर आणि आत्याबाईची कळशी

मी आजवर वाचलेल्या प्रवासवर्णनांत लोक बोटीने विलायतेला जातात, नाहीतर घोड्यावर बसून हिमालय चढतात. मला यातलं काही जमलेलं नाही. मी लिहितो आहे तो प्रवास दर्यापूरकडच्या आमच्या गावापासून अमरावतीच्या एका तलावापर्यंतचा. नकाशावर तो बोटाच्या पेराएवढा भरतो. पण आमची माय त्याआधी मूर्तिजापूरच्या पलीकडे गेली नव्हती, आणि बाबांनी अमरावती पाहिली होती ती कापसाच्या गाडीवर बसून, म्हणजे बैलांच्या दोन शिंगांमधून जेवढी दिसते तेवढीच. आमच्या मानाने प्रवास मोठाच होता. तलावाचं नाव मात्र मी लिहीत नाही. का लिहीत नाही, ते वाचणाऱ्याला शेवटी कळेल.

निघण्याचं कारण

मी अमरावतीला कॉलेजात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी गावी गेलो की लोक मला काहीही विचारतात. पाऊस कधी पडेल, चंद्रावर माणूस जाईल का, बैलाच्या खुराला काय लावावं. माझी धाकटी बहीण वत्सला, म्हणजे वच्छी, हिने मात्र विचारलं, "भाऊ, तथी पोरी शिकतात काय?"

वच्छी सातवी पास झालेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण देणारी शाळा आहे, आणि आमचे मराठीचे सर आहेत, त्यांच्या पत्नी मुलींचं एक वसतिगृह चालवतात. त्यांना सगळे बाई म्हणतात. मी धीर करून सरांकडे शब्द टाकला. सर म्हणाले, "हिला विचारा. वसतिगृहात माझं काही चालत नाही." घरातही चालत नसावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. बाई म्हणाल्या, "मुलगी पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही."

इकडे गावी बाबा म्हणाले, "बाई पाह्यल्याबिगर मी हो म्हनत नाई. मानूस न पाहता मी बैल बी घेत नाई."

आणि आमची आत्याबाई, बाबांची थोरली बहीण, सासर सोडून आमच्याकडेच राहणारी, ती म्हणाली, "मले काही पाहाचं नाई. वच्छीसाठी म्या पोरगा पाह्यला हाय. पूर्णेच्या काठी वावर हाय त्याचं. पोरीले शाळा कायले पाह्यजे? शिकून काय गाय जास्त दूध देनार हाय?"

असं तीन बाजूंनी अडलेलं होतं. मग मला एक युक्ती सुचली. अमरावतीच्या त्या तलावाकाठी नवी बाग झाली होती. बागेसाठी नदीची रेती ट्रकांनी आणून काठावर टाकली होती. वाटा झाल्या, बाकं झाली, गुलाब लागले, तरी रेती उरलीच. मग वाऱ्याने आणि शाळेच्या पोरांनी मिळून तिच्या टेकड्या केल्या. आमचा मुलूख काळ्या मातीचा. मूठभर रेती हवी तर नदीपर्यंत गाडी न्यावी लागते. मी घरी सांगितलं, "तलावाच्या काठी रेतीचे डोंगर आहेत. पाहायला चला. तिथेच सैपाक करू, सरांना आणि बाईंना जेवायला बोलावू. एकमेकांना पाहून होईल."

"रेतीचे डोंगर?" बाबा उठून बसले. "कोनाचे?"

"कोणाचेच नाहीत. पाहायसाठी आहेत."

"पाहासाठी?" बाबांनी बराच वेळ विचार केला. "चला. पाह्यलेच पाह्यजे असे मानसं."

गवऱ्यांचं पोतं

माघ महिन्यात, कापसाची वेचणी आटोपल्यावर निघायचं ठरलं. बेत रोडग्यांचा. जाड्या कणकेचे गोळे गवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. उघड्यावरचा सैपाक म्हणजे आमच्याकडे रोडगेच. मी म्हटलं, "गवऱ्या अमरावतीला विकत मिळतात." हे मी बोलायला नको होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कॉलेजात घातलेलं वर्ष वाया गेलं असं त्यांना वाटलं असावं. "शेन विकत घेनारा मानूस आपल्या घरान्यात झाला नाई," ते म्हणाले, आणि गवऱ्यांचं पोतं भरून गाडीत टाकलं.

आत्याबाईने घेतली पितळेची कळशी, गळ्यापर्यंत भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली. इथे मला आमच्या पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. आमच्या विहिरींचं पाणी खारं. पाहुणा घोट घेतो आणि मग फार सावकाश गिळतो. आम्हाला मात्र तेच गोड. मी अमरावतीला आलो तेव्हा कित्येक महिने मला चहात काहीतरी कमी वाटायचं. दूधवाला पाणी घालतो अशी माझी समजूत झाली होती. घालत होताच, पण कारण ते नव्हतं.

"परदेशचं पानी मले मानवत नाई," आत्याबाई म्हणाली. "येवढं माह्यं पुरते."

बैलगाडीने आम्ही बनोसा स्टेशनवर आलो. तिथून मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी. ही गाडी फार समजूतदार आहे. तिच्यातून उतरून बाजूच्या शेतातला हरभरा उपटून परत चढता येतं. बाबा तसे उतरले आणि आम्हाला घाटे आणून दिले. मायने डोळे मिटून गाडीची दांडी धरून ठेवली होती. "पोचलो काय?" ती दर थोड्या वेळाने विचारायची. "नाई, अजून आपलंच वावर दिसते," असं बाबा तिला सांगत. ते खोटं होतं, पण अगदीच नव्हतं.

मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीत तिकीट तपासणारे आले. त्यांनी बुटाने पोतं ढकललं. "यात काय आहे?"

"गवऱ्या," बाबा म्हणाले.

"कसल्या?"

"म्हशीच्या."

"म्हणजे, कशासाठी?"

"प्रोफेसर सायबाले जेवाले घालाचं हाय."

तपासनीसांनी पोत्यावरून बूट मागे घेतला. मग कळशीकडे वळले. "आणि यात?"

"पानी," आत्याबाई म्हणाली. "प्याचं असन त देतो." त्यांनी घोट घेतला. नंतर बडनेऱ्यापर्यंत ते आमच्या डब्यात आले नाहीत.

बडनेऱ्याला नळाचं पाणी पिऊन मायने तोंड वाकडं केलं. "फिकं हाय व माय, हे पानी. जसं तापानंतरचं तोंड." आत्याबाईने विजयी मुद्रेने कळशी कुशीत ओढून घेतली.

रात्री अमरावतीला सगळे माझ्या खोलीत झोपले. मी वच्छीला बाहेर ओट्यावर बसवून तिचं भाषण म्हणून घेतलं. 'तुला शिकायचं कशाला?' असं बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते मी लिहून दिलं होतं. "स्त्रीशिक्षण हा समाजाच्या प्रगतीचा पाया असून नवोदित महाराष्ट्र राज्यात त्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." वच्छी 'अनन्यसाधारण'पाशी दरवेळी अडायची.

"भाऊ, हे म्या म्हनलं त बाईले खरं वाटन काय?"

"वाटेल," मी म्हटलं. मला स्वतःला ते वाक्य फार आवडत होतं.

डोंगर

सकाळी आम्ही तलावावर पोचलो. फाटकापाशी एक चौकीदार होता, मोठ्या मिशांचा, हातात काठी. त्याने बागेचे नियम सांगितले. फुलं तोडायची नाहीत. हिरवळीवर चालायचं नाही. सैपाक तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात करायचा. रेती न्यायची नाही.

"रेती नेतात?" बाबांनी विचारलं.

"नेतात म्हणजे! घरं बांधली लोकांनी."

बाबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो विचार त्यांच्या डोक्यात आधी आलेला नसावा.

आत गेल्यावर बाबा हिरवळीपाशी थांबले. "हे गवत कापून कोनाले टाकतात?"

"कोणालाच नाही. शोभेसाठी आहे."

"येवढं हिरवं? आन् जनावर एकबी नाई?" त्यांनी वाकून एक पान तोडलं, चावून पाहिलं आणि म्हणाले, "बेस हाय." चौकीदाराने लांबून शिटी मारली.

मग पलीकडच्या कोपऱ्यात ते डोंगर दिसले. खरं सांगायचं तर ते मोठ्या घराएवढे होते, त्याहून जास्त नाही. पण पाण्याच्या कडेला, कोवळ्या उन्हात, अंगावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या घेऊन ते पसरलेले होते, आणि सकाळची वेळ म्हणून त्यांच्यावर एकाही माणसाचं पाऊल नव्हतं. आमच्याकडची जमीन पायाला धरते. पावसाळ्यात ती चप्पल काढून घेते आणि उन्हाळ्यात भेगांतून खाली ओढायला बघते. ही जमीन मात्र पायाखालून निघून जात होती. वच्छीने पाय रोवला, काढला, आणि त्या खड्ड्यात रेती आपोआप भरत येताना पाहत राहिली.

"कापसाची गंजी वाटली व मले," माय म्हणाली.

बाबा डोंगराभोवती फिरून आले. हातात रेती घेऊन बोटांतून गाळली. "साजरी हाय," ते हळू आवाजात म्हणाले, जसं दुसऱ्याच्या गोठ्यातल्या गाईबद्दल बोलतात.

आत्याबाई म्हणाली, "याच्यात पाहासारखं काय हाय? वरतून काय दिसते ते पाहू द्या." आणि लुगड्याचा काचा आवळून चढायला लागली. चढत होती तेवढीच घसरत होती. वच्छी मागून ढकलत होती, मी वरून ओढत होतो. शेवटी ती माथ्यावर पोचली आणि खाली पाहून तिने माझा हात घट्ट धरला.

"आता उतरू कशी?"

"बसून उतर," वच्छी म्हणाली.

आत्याबाई बसली, आणि पुढचं सगळं रेतीने केलं. "मेली व माय मेली!" म्हणत ती एका दमात खाली गेली. खाली ती तशीच बसून राहिली. मी घाबरून धावलो. तिने अंगावरची रेती झटकली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "वच्छे, पुन्हा ढकल मले."

मग तिने थांबायचं नावच घेतलं नाही. बाबा ओरडत होते, "अवं, पाहुने येऊन राह्यले! बाईपुढे साजरं वागा लागते!" पण वर तिला ते ऐकू जात नव्हतं. मायने तिकडे चूल मांडली होती. गवऱ्या पेटल्या, धूर निघाला, कणकेचे गोळे तयार झाले. वरणासाठी पाणी बागेच्या विहिरीतलं घेतलं, आणि माय चकित झाली. घरी खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. सकाळी चढवली तर दुपार होते. इथे ती बघता बघता विरघळली. "कायची दाय हाय हे? हात लावला का शिजली!" तिला त्या डाळीचा संशयच आला.

आणि त्याच वेळी सर आणि बाई वाटेने आले. सर धोतर-कोटात, बाई पांढऱ्या सुती पातळात, डोळ्यांवर चष्मा. बाबा हात जोडून पुढे झाले. मी म्हणायला तोंड उघडलं, "ही माझी आत्या," कारण वरून किंकाळी आली होती. आत्याबाई आली ती सरळ बाईंच्या पायांपाशी येऊन थांबली. बाईंच्या चपला रेतीत बुडाल्या.

बाबांनी डोळे मिटले.

"लागलं का हो?" बाईंनी विचारलं.

"लागलं नाई," आत्याबाई खालूनच म्हणाली. "उतरली मी."

पंगत

आमच्याकडे एक रीत आहे. रोडग्यांचा सैपाक झाला की आधी देवीला निवद दाखवतात. तोवर सैपाकाची चव घ्यायची नाही, मीठ-तिखट पाहण्यासाठीही नाही. मायच्या हाताला त्याची गरजही पडत नाही. मग पाहुण्यांची पंगत, आणि घरचे लोक शेवटी.

निवद झाला. पळसाच्या पत्रावळींवर माय आणि वच्छीने वाढलं. फोडलेला रोडगा, त्याच्यावर तूप, वांग्याची भाजी, वरण. सर आणि बाई रेतीवर अंथरलेल्या घोंगडीवर बसले. बाबा समोर उकिडवे. मला कळत होतं की बाबा बाईंना पाहत आहेत, बाई वच्छीला पाहत आहेत आणि वच्छी ओठ हलवत आहे. 'अनन्यसाधारण' म्हणत असावी.

सरांनी पहिला घास घेतला. ते थांबले. मग म्हणाले, "वा!"

"बेस झालं?" बाबांनी विचारलं.

"अप्रतिम. फार सात्त्विक."

बाबा खुलले. "वाढ वं, सरले वरन वाढ!" मायने सरांच्या रोडग्यावर भरपूर वरण ओतलं. सरांनी ते पाहिलं, आणि मला आठवतं, त्यांनी एकदा तलावाकडे बघून घेतलं. मग ते हळूहळू खाऊ लागले. "ग्रामीण पाककलेत एक साधेपणा असतो," ते म्हणाले. मी मान डोलावली. बाबांनी भाजी वाढायला सांगितली.

बाईंनी हात थांबवला. "तुमच्या वरणात मीठ नाही हो, माय. भाजीतही नाही."

वाऱ्याने थोडी रेती उडाली, ती पत्रावळीवर पडल्याचाही आवाज आला.

सर पुटपुटले, "अगं, असू दे."

"असू दे काय? त्यांना कळायला नको? आणि तुम्ही सात्त्विक कसले म्हणता, तुम्हाला घास उतरत नाही."

बाबांनी पातेल्यातलं वरण बोटाने चाटलं. चेहरा हलला नाही. पुन्हा चाटलं. "नाई," ते म्हणाले. "जराबी नाई." मग सरांकडे वळले. "सर, मंग तुमी वा काहून म्हनलं?"

सर माझे गुरू आहेत. त्यांना इतकं अडचणीत आलेलं मी वर्गातही पाहिलं नव्हतं, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

मायने गाठोडं उलटं केलं. तिखट होतं, हळद होती, तेल होतं, जिरं होतं. मीठ नव्हतंच. ते आणायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण आमच्याकडे वरणात मीठ माणूस टाकत नाही, विहीर टाकते. माय कपाळाला हात लावून बसली. "इतके वर्स सैपाक केला व मी, आन् पोरीच्या येळेलेच असं झालं!"

माझ्या डोळ्यांसमोर वच्छी पूर्णेच्या काठच्या त्या वावरात जाताना दिसू लागली. चौकीदाराकडे मीठ मागावं म्हणून मी उठलो, तो कुठे दिसेना. दुकान तर शहरात.

वच्छी तेव्हा ओठ हलवायची थांबली. तिने पातेलं उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं, आणि आत्याबाईपुढे हात केला.

"आत्याबाई, तुही कळशी दे."

"काहून?"

"दे न वं."

आत्याबाईने कळशी मांडीवर ओढली. "माह्यं पानी हाय ते. परतीले काय पिऊ मी?"

"आत्याबाई," वच्छी म्हणाली, "तुले पुन्हा डोंगरावरून ढकलतो. पाह्यजे तेवढे डाव."

आत्याबाईने डोंगराकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, वच्छीकडे पाहिलं. मला वाटतं, ती त्या पूर्णेकाठच्या पोरालाही मनातल्या मनात पाहून आली असावी. "घे बाप्पा," ती म्हणाली. "पोरीचं वरन फिकं नोको."

वच्छीने फडकं सोडलं आणि आमच्या विहिरीचं पाणी धार धरून वरणात आणि भाजीत ओतलं. वरून तिखट-जिऱ्याची फोडणी दिली. तिने गवऱ्या सारून जाळ वाढवला. वरण उकळलं, आटलं. निवद होऊन गेला होता, म्हणून तिने चव घेतली आणि मान हलवली. पुन्हा वाढलं.

बाईंनी घास घेतला. दुसरा घेतला. मग पत्रावळ पुढे केली. "अजून वाढ."

सर म्हणाले, "वा!"

"आता खरं बोलताय," बाई म्हणाल्या.

बाबा जोरात हसले. ते असे हसतात तेव्हा आमच्या घरी गोठ्यातले बैल मान वर करतात. "बाई," ते म्हणाले, "मी पाह्यलं. अमरावतीचे मानसं तोंडावर गोड बोलतात, असं आमी आयकून होतो. मले तेचंच भेव होतं. पोरीनं चुकी केली त तिले कोन सांगन? तुमी सांगसान. माह्यं झालं. पोरगी तुमची."

मी आनंदाने उठणार, तोच बाई म्हणाल्या, "माझं झालेलं नाही अजून. इकडे ये गं. तुला शिकायचं कशाला?"

वच्छी उभी राहिली. हात पुसले. तिने माझ्याकडे पाहिलं. "स्त्रीशिक्षण हा समाजाच्या प्रगतीचा," ती म्हणाली, आणि थांबली. मी ओठांनी पुढचं सांगू लागलो. तिने माझ्याकडे पाहायचंच सोडून दिलं.

"आमच्या गावात मास्तर टिकत नाई, बाई," ती म्हणाली. "येतात, आठ-पंधरा दिवस पानी पेतात, पोट धरून बदली मागतात. मंग शाळा बंद. पुन्हा नवा मास्तर, पुन्हा तेच होऊन राह्यलं. मी सातवी पास झाली त तालुक्याले राहून झाली. गावातल्या बाकीच्या पोरी दुसरीच्या पुढं गेल्या नाई." तिने श्वास घेतला. "मले ते पानी चालते."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. त्यावर रेती होतीच. "जूनमध्ये आणून सोडा," त्या मला म्हणाल्या. "आणि तिला लिहून देणं बंद करा."

मी हो म्हटलं.

कळशी

आत्याबाईला वच्छीने कबूल केल्याप्रमाणे ढकललं. या वेळी बाईही वर चढल्या होत्या. त्या उतरल्या कशा, ते मी लिहीत नाही, कारण वच्छीला तिथे अजून राहायचं आहे. सर खाली उभे राहून "जपून, जपून" म्हणत होते.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही निघालो. बाबा मागे रेंगाळले होते. ते आणि आत्याबाई डोंगराआड काहीतरी कुजबुजत होते. आले तेव्हा आत्याबाईच्या कडेवर कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि ती एका बाजूला इतकी झुकली होती की लग्नातल्या करवलीसारखी दिसत होती.

फाटकात चौकीदार उभा.

"कळशीत काय?"

"पानी," आत्याबाई म्हणाली.

"पाणी? वाजत तर नाही."

"आमच्याकडचं पानी जड असते."

त्याने काठीने कळशीवर ठोकलं. ठक असा आवाज आला. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा गुलाबांकडे पाहत होते. त्याने मायकडे पाहिलं, तिने पदर तोंडावर घेतला. मी नियमांच्या पाटीवरची अक्षरं वाचत होतो. रेती न्यायची नाही, हा नियम शेवटच्या ओळीत होता.

"कुठचं गाव, माय?" चौकीदाराने विचारलं.

"दर्यापूरकडचं. खारपानपट्ट्यातलं."

"हां," तो म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला. "माही बहीन तिकडंच देल्ली हाय. जड असते खरं तिकडचं पानी." आणि त्याने फाटक उघडलं.

तलावाचं नाव मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल.

परतीच्या गाडीत आत्याबाईला तहान लागली, तेव्हा ती बडनेऱ्याच्या नळाचं पाणी प्यायली. "फिकं हाय," ती म्हणाली, "पन उतरते." पूर्णेकाठच्या पोराचा विषय तिने बनोशापर्यंत काढला नाही, आणि नंतरही नाही.

जूनमध्ये मी वच्छीला वसतिगृहावर सोडलं. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर सैपाकाची पाळी आली आणि तिने वरणात मीठ टाकलं नाही. बाईंनी तिला ते सगळ्यांसमोर सांगितलं. वच्छीने लगेच मला कळवलं, आणि मी बाबांना. बाबांना फार आनंद झाला.

दिवाळीत मी गावी गेलो. आमच्या ओसरीत पाण्याचा माठ ठेवलेला असतो. पाणी गार राहावं म्हणून माठाखाली ओली रेती घालतात, पण आमच्याकडे रेती नसल्याने आजवर माठाखाली विटांचे तुकडे असायचे. आता तिथे गोल, स्वच्छ, पांढरट रेती होती, बाजूने दगड लावून बांधलेली. बाबा रोज त्या रेतीवर पाणी शिंपडतात. येणारा पाहुणा पाणी पितो, फार सावकाश गिळतो आणि मग खाली बघून विचारतो, "बुवा, रेती कुठची हो?"

बाबा एवढीच वाट पाहत बसलेले असतात.

"अमरावतीची," ते सांगतात. "आमची पोरगी तथी शिकते."